रुची आणि अभिरुची

काव्यानंदाची चर्चा आपल्याकडे जेवणाच्या ताटावरून सुरू झाली, ही गोष्ट टीकाकारांना ठाऊक असते. पण ती सहसा आठवली जात नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना भरताने दृष्टान्त घेतला तो अन्नाचा. नाना व्यंजनांनी संस्कारिलेले अन्न जेवणारा सुमनस पुरुष जसा त्यातील रस चाखतो आणि हर्ष पावतो, तसा प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असे त्याचे म्हणणे. रस, स्वाद, आस्वाद, चर्वणा, रुची, अभिरुची अशी आपल्या समीक्षेची निम्मी परिभाषा जिभेवरून आलेली आहे. मात्र या दृष्टान्तातला जेवणारा कोण, याची विचारपूस फारशी झालेली नाही. तो सुमनस आहे, त्याच्यापुढे व्यंजने अनेक आहेत, त्याला घाई नाही आणि उद्या काय शिजवावयाचे ही विवंचनाही नाही. असा एक तृप्त गृहस्थ व्याख्येच्या मुळाशी बसलेला असल्यामुळे दुसऱ्या कोणाचे जेवण साहित्यात आले की आपली परिभाषा अडखळते. त्यातून ते जेवण मांसाचे असेल, आणि तेही नको त्या जनावराचे किंवा नको त्या अवयवाचे असेल, तर ती सरळ दुसरीकडे पाहू लागते.

याचा अनुभव मला विद्यार्थिदशेतच आला. १९९० च्या सुमारास एम.ए.च्या वर्गात दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) शिकविले जात होते. मेलेल्या जनावराचे मांस महारवाड्यात वाटून घेतले जाते व ते वाळवून ठेवले जाते, त्या भागापाशी आम्ही आलो होतो. आमचे प्राध्यापक व्यासंगी होते आणि पुस्तकाविषयी त्यांना खरी आस्था होती. ते म्हणाले, हा आधुनिक मराठी गद्यातील बीभत्स रसाचा उत्कृष्ट नमुना होय. संस्कृत घेतलेल्या मुलांना बीभत्साचे ठरावीक उदाहरण पाठ होते : भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकातील स्मशान आणि तेथे प्रेतांवर तुटून पडणारी पिशाच्चे. आम्ही वहीत ‘बीभत्स’ लिहून घेतले. मागच्या बाकावरून एक वर्गमित्र उठला आणि शांतपणे म्हणाला, “सर, माझी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा हसत हसत सांगायची. त्या दिवशी पोरं पोटभर जेवायची.” वर्ग क्षणभर थांबला आणि तास पुढे सुरू झाला. माझ्या वहीतला शब्द तसाच राहिला.

त्या प्रसंगाचा अर्थ लावण्यास मला बरीच वर्षे लागली. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा. ही जुगुप्सा त्या प्रसंगात कोणाला वाटते? वाटणीला जमलेल्या माणसांना नव्हे. त्यांच्या मनात लगबग आहे, वाट्याविषयीची चिंता आहे, भांडण आहे आणि रात्रीच्या जेवणाची ओढही आहे. जुगुप्सा आहे ती वाचणाऱ्याची. आणि वाचणारा कोण असणार हे आपण न बोलता ठरवून टाकलेले आहे. आपल्या मनातली किळस आपण पुस्तकाच्या पदरात घालतो आणि वर तिला रसाचे नाव देतो. पिशाच्चे आणि माणसे यांना एकाच उदाहरणाच्या रांगेत आपण बसविले, हे त्या तासाला कोणाच्याच ध्यानात आले नाही.

यावर असे म्हणता येईल की आपल्या वाचकवर्गाचा मोठा भाग शाकाहारी घरांतून आला, म्हणून ही अडचण. हे समर्थन टिकणारे नाही. देशभरच्या नमुना नोंदणीची २०१४ ची आधारपाहणी पाहिली तर पंधरा वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांस, मासे वा अंडी खाणारे आढळतात. शिवाय मराठी ग्रंथव्यवहारात मांसाहाराला मज्जाव कधीच नव्हता. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले. पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातील मटणाचे आणि माशांचे नाना प्रकार त्यात अगदी निःसंकोचपणे आलेले आहेत, आणि सुशिक्षित घरांनी ते आदराने वापरले. किनारपट्टीच्या लेखकांनी माशांवर किती प्रेमाने लिहिले आहे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. पु. ल. देशपांडे यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) मधील ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाने तर खाण्याच्या आनंदाला ललितगद्यात मानाचे पान मिळवून दिले. तात्पर्य, मांस खाणे आणि न खाणे यांच्यामध्ये आपल्या अभिरुचीची रेषा नव्हती. ती आणखी खाली, दुसऱ्याच ठिकाणी ओढलेली होती. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नेमके हेच दाखविले. शाकाहारी आणि मांसाहारी असा भेद तर आहेच. परंतु त्याहून तीव्र भेद आहे तो गोमांस खाणारे व न खाणारे यांच्यातला, आणि अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध त्यांनी त्या दुसऱ्या रेषेपाशी घेतला. त्यांच्या ऐतिहासिक सिद्धान्ताविषयी विद्वानांचे मतभेद असोत. रेषा कोठे आहे हे त्यांनी अचूक सांगितले, एवढे टीकाकाराला पुरेसे आहे.

अनुवादकाला ही रेषा शब्दाशब्दाला टोचते. ‘मांसाहार’ हा शब्द शासकीय आहे. घरात तो कोणी वापरीत नाही. घरात ‘वशाट’ असते, ‘सागुती’ असते, ‘मोठ्याचं’ असते, आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘पडीचं’ असते. यांतील प्रत्येक शब्द खाणाऱ्याची जात, त्याचा खिसा आणि जनावर कसे मेले हे एकदम सांगतो. इंग्रजीत गेले की ‘मोठ्याचं’ आणि ‘पडीचं’ या दोहोंचे ‘बीफ’ होते. एक मांस बाजारातून पैसे मोजून आणलेले, दुसरे गावकीच्या कामापोटी वाट्याला आलेले. परंतु परभाषेच्या वाचकाला दोन्ही एकच वाटतात.

याबाबतीत मी स्वतः निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी एका मराठी कथेचा मी हिंदी अनुवाद केला. कथेत पाहुणा अवचित येतो आणि घरची बाई वजडी आणावयास मुलाला पाठविते. संपादकांनी सुचविले की ‘वजडी’ वाचकाला अडेल, तेथे ‘गोश्त’ करावे. मी संमती दिली. अनुवाद छापून आल्यावर एका वाचकाचे पत्र आले : या गरीब कुटुंबाला अचानक मांस कसे परवडले? त्याचा प्रश्न बिनतोड होता. मटण परवडत नाही म्हणून तर ती वजडी मागविते; पाहुण्याचा मान राखला जावा आणि पैसेही पुरावेत, या दोन टोकांच्या मध्ये ती बाई उभी आहे. त्या एका शब्दाबरोबर कथेतला सगळा ताण मी काढून टाकला होता. विषमता तेथे खाण्या-न-खाण्यात नव्हतीच; कोणता तुकडा, कोणत्या दिवशी, कोणाच्या ताटात, यात ती होती.

या पार्श्वभूमीवर शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाकडे साहित्यसमीक्षेने जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही, असे मला वाटते. मराठवाड्यातील महार आणि मांग या समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे. पाककृतींचे पुस्तक म्हणून ग्रंथालयात त्याची जागा ठरून गेली, आणि पाककृतींच्या पुस्तकाचे परीक्षण करणे आमच्या इभ्रतीला शोभत नाही. परंतु त्यातील रक्ती, वजडी, वाळविलेल्या मांसाच्या चान्या, आणि तेलातुपाच्या टंचाईतून घडलेली शिजविण्याची रीत ही पाहिली म्हणजे कळते की हे एका दडपलेल्या शब्दसंग्रहाचे संपादन आहे. आत्मकथनांतून ज्या गोष्टी दुःखाचा पुरावा म्हणून येत होत्या, त्या येथे कौशल्य म्हणून येतात. जनावराचा कोणता भाग कसा साफ करावा, काय आधी शिजवावे, काय वाळवून अडीअडचणीला ठेवावे, ही विद्या आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हातांत राहिली आणि लिहिली गेली नाही.

पुस्तकाच्या नावात तर अख्खा वाद आहे. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ हे वचन महाराष्ट्रात घराघरांतून, शाळांतून आणि खानावळींच्या भिंतींवरून परिचित आहे. पाटोळे त्यात फक्त एक ‘अ’ घालतात. जे अन्न अर्धपोटी राहून, दुसऱ्याच्या टाकून दिलेल्यातून उभे केले, ते पूर्ण ब्रह्म कसे? हा एका अक्षराचा प्रतिवाद मराठीत जितका बोचतो तितका दुसऱ्या भाषेत बोचणे कठीण. भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ साली ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने प्रसिद्ध झाला. अनुवाद होणे अगत्याचे होते आणि तो झाला याचा आनंद आहे. पण शीर्षकात जे हरवले ते नोंदवले पाहिजे. मराठी नाव पंक्तीला बसलेल्यांशी भांडते. इंग्रजी नाव पुस्तक कोणत्या फडताळात ठेवावे एवढेच सांगते. यात अनुवादकाचा दोष नाही, कारण ते वचन ज्या भाषेत नाही त्या भाषेत त्याचा भंगही नाही. मूळ शब्द तसाच ठेवण्याचा दुसरा मार्ग काहींनी पत्करला आहे. जेरी पिंटो यांनी ‘बलुतं’चे नाव इंग्रजीतही तेच राखले, अरुण प्रभा मुखर्जी यांनी ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या ‘जूठन’च्या बाबतीत तसेच केले.

‘जूठन’ (१९९७) हे हिंदी आत्मकथन मराठी वाचकाला परके वाटणार नाही. लग्नघरच्या पंक्ती उठल्यावर आई यजमानाजवळ मुलांसाठी थोडे अन्न मागते. टोपलीभर उष्टे मिळाले आहे, आपली पायरी ओळखून चालती हो, असे उत्तर मिळते. ती टोपली तेथेच पालथी करते आणि पुन्हा त्या दारी जात नाही. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तसे ते लिहिले जाणे योग्यच आहे. परंतु त्याच पुस्तकात उष्ट्या पुऱ्यांचे तुकडे वाळवून पावसाळ्यासाठी ठेवण्याचे आणि भाताची पेज दुधाच्या मोलाची मानण्याचे जे तपशील आहेत, त्यांवर टीकाकार थांबत नाहीत. टोपली पालथी करणे हे नाट्य आहे, म्हणून ते दिसते. तुकडे वाळविणे हा संसार आहे, तो दिसत नाही.

त्याहून जुने उदाहरण प्रेमचंदांच्या ‘कफन’चे. ही कथा १९३५-३६ मधली आणि सर्व भारतीय भाषांत पोचलेली. घीसू जन्मभर एक जेवण विसरलेला नाही : ठाकुराच्या घरच्या लग्नातले. तुपातल्या पुऱ्या, रायते, भाज्या, दही, मिठाई अशी ती यादी पूर्णपणे शाकाहारी आहे. पुढे कफनाचे पैसे घेऊन बाप-लेक दारूच्या गुत्त्यावर बसतात तेव्हा पुऱ्या तर येतातच, पण त्यांच्यासोबत तळलेले मासे आणि कलेजीही येते. म्हणजे मेजवानीचा आदर्श वरच्या घरातून उसना घेतलेला आहे, आणि स्वतःच्या हातात पैसा आल्यावर जीभ आपले स्वतःचे काही त्यात मिसळते. या कथेवरील वादात घीसू-माधवांची अमानुषता खरी की लेखकाने लादलेली, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. त्या पानावर नेमके काय वाढले गेले, हे पाहिले असते तर त्या वादाला आणखी एक आधार मिळाला असता. ती दोघे तेथे नुसती पशुवत् खात नाहीत; ती निवड करून खातात.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. उष्टे आणि पडीचे नाकारणे हा स्वाभिमानाचा पहिला धडा ठरला, आणि असंख्य कुटुंबांनी तो मोठ्या कष्टाने अंगी बाणविला. मग जे सोडले त्याच्या चवीचे गुणगान साहित्याने आता का करावे? हा प्रश्न दलित लेखकांनीच विचारला तर तो मला गैर वाटणार नाही. परंतु सोडले काय, हे बारकाईने पाहावे. सोडला तो परावलंबनाचा करार : गावाने जनावर ओढावयास लावावे आणि मजुरी म्हणून त्याचेच मांस द्यावे, हा. शिवाय रोगाने मेलेल्या जनावराचे मांस जिवावर बेतणारे असते, हेही खरेच. पाटोळे त्या व्यवस्थेकडे परत चला असे सुचवीत नाहीत. ज्यांनी ती सोसली त्यांच्या हाताला अक्कल होती आणि जिभेला चव होती, एवढेच त्यांच्या नोंदीतून सिद्ध होते. त्याग आणि स्मरण यांत विरोध नसतो. जी गोष्ट आपण सोडली तिचे नावही उच्चारू नये, असे झाले तर लाज तेवढी शिल्लक राहील आणि ती पुन्हा त्याच माणसांच्या वाट्याला येईल.

येथे शरणकुमार लिंबाळे यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये त्यांनी आनंद हा निकष दलित साहित्याला लावता येत नाही, असे आग्रहाने मांडले. वाचकाने दुसऱ्याच्या वेदनेतून आनंद चाखावा, ही कल्पनाच त्यांना अमान्य आहे, आणि ते रास्त आहे. मात्र वाचकाच्या आनंदाला दार बंद करताना पात्राचा आनंदही बाहेर राहिला. त्यांच्याच ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या सहलीचा जो प्रसंग आहे, तो पाहावा. सवर्ण मुलांच्या डब्यांतले उरलेले अन्न ही मुले खातात. आणि घरी हे कळल्यावर आई विचारते की माझ्यासाठी थोडे का नाही आणलेस. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहावयास सांगतात. या प्रसंगात अपमान आहे, हे सर्वांना दिसते. पण आईच्या प्रश्नात चाखून पाहण्याची इच्छा आहे. ती इच्छा नुसत्या भुकेपेक्षा वेगळी आहे, आणि ती ओळखली नाही तर आईचे अर्धे माणूसपण आपण गाळले. दलित आत्मकथनांवरील आपल्या परीक्षणांतून ‘विदारक’, ‘दाहक’, ‘अंगावर काटा आणणारे’ ही विशेषणे काढून टाकली तर मागे किती उरते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. माझी स्वतःची दोन परीक्षणे मी अलीकडे या दृष्टीने वाचली. फारसे उरले नाही.

ही सगळी चर्चा जुन्या काळाची, आता ती विषमता राहिली नाही, असे वाटण्याचा संभव आहे. २०१९-२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) बाळंतिणीला खावयास काही नसते तेव्हाचे जे वर्णन आहे, ते या आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचावे. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. पण मांसातले लोह शरीर अधिक सहजतेने घेते आणि ब-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते, हे आहारशास्त्र सांगते. यकृतात ही दोन्ही भरपूर, आणि रक्तात लोह तर विशेषच. म्हणजे ज्यांना ‘खालचे’ म्हणून हिणविले, तेच भाग या दृष्टीने सकस होते. पाठ्यपुस्तकातील ‘चौरस आहारा’च्या चित्रात मात्र दूध, फळे आणि पालेभाज्या असतात, फार तर एक अंडे. हे चित्र कोणत्या स्वयंपाकघरात काढले, हे सांगण्याची गरज नाही.

त्या एका अंड्याचीही कथा झाली. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरले. न खाणाऱ्यांसाठी केळे होते. २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा शासनाचा वेगळा निधी बंद करण्यात आला. बाजारातील स्वस्त मांसाचा इतिहासही असाच. १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी झाली होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मान्यता मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. परराज्यातून आणलेले असे मांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले. कायद्याच्या धार्मिक आणि राजकीय बाजूंवर रकाने भरले. त्याने कोणाच्या घरचे कालवण बदलले, हे लिहिणारी कथा मराठीत माझ्या वाचनात फारशी आली नाही. ‘मोठ्याचं’ हा शब्द आता बोलण्यातही हलक्या आवाजात येऊ लागला आहे, आणि ज्या शब्दाचा आवाज उतरतो तो पुढच्या पिढीच्या लेखकाला सापडत नाही. माझ्यासारख्या अनुवादकाला तर तो कोशातही मिळणार नाही.

वर ज्याचा उल्लेख आला त्या वर्गमित्राला मी मध्यंतरी पाटोळे यांचे पुस्तक पाठविले. तो आता निवृत्तीला आला आहे. मला अपेक्षा होती ती गहिवराची. आठ दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला तो तक्रार घेऊन. “अरे, रक्ती काय सगळीकडे एकसारखी करतात होय? आमच्याकडे कांदा असा घालीत नाहीत. आजीची रक्ती यापेक्षा पुष्कळ सरस होती.” मग अर्धा तास तो आच किती असावी, मिरची केव्हा पडावी, कोणत्या गावची पद्धत कोणापासून आली, हे मला तावातावाने समजावून देत राहिला. मधूनच थांबून विचारी, “लक्षात येतंय ना तुझ्या?” मी हो म्हणत होतो. रक्ती मी कधी खाल्लेली नाही.